अर्थिंगचं पाणी

माझा मेव्हणा हा उभ्या कंधारात सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळ्यात लांब बोलणारा माणूस. समोरच्या पानवाल्याशी त्याचं अख्ख्या हयातीत दहा वाक्यं बोलणं झालं नसेल. पण रोज सकाळी उठून तो बंगलोरच्या, कलकत्त्याच्या, पार समुद्रापलीकडच्या माणसाला विचारणार की तुमच्याकडं ऊन कसं आहे. पानवाल्याच्या डोक्यावरही ऊनच होतं, त्याला कधी विचारलं नाही.

मी, माझी बायको आणि तो, आम्ही तिघांनी मिळून शेवटचं जे साधं काम केलं, तेही त्याच्या तारेचंच. दुष्काळानं किल्ल्यातली वानरं खायला शोधत गावात उतरली होती. कडूलिंबापासून माझ्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावरच्या बांबूपर्यंत त्याच्या रेडिओची तार बांधलेली होती, ती एका वानरानं झोका घेऊन तोडली. संध्याकाळी मी शिडीवर चढलो, बायकोनं खालून दोरीचं टोक धरलं, आणि हा मधोमध उभा राहून एक डोळा मिटून सांगत राहिला, "दाजी, अजून वर. थोडं खाली. ऱ्हाऊ द्या आता." बायको म्हणाली, "तारेला एवढं निरखून बघून राहिलास, तेवढं एखाद्या पोरीला बघितलं असतं तर आज दोरी धरायला मी लागले नसते." तिनं दोरी सोडली, हात झटकले आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेली. त्याच आठवड्यात ती गेली. भाकरी थापता थापता छातीला हात लावून बसली. जीप मिळाली, पण नांदेड यायच्या आधीच सगळं संपलं. याहून जास्त मी लिहीत नाही. हे तिच्याबद्दल नाही, तिच्या भावाबद्दल आहे.

तर हा भाऊ. जन्मभर तार ऑफिसात नोकरी केली. कट्ट-कट्ट ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं. तारेत शब्दाला पैसे पडतात, ती सवय तोंडाला लागली ती लागलीच. घरात साप निघाला तर दुसरा माणूस ओरडेल, हा म्हणायचा, "दाजी. साप. मोरी." लग्न केलं नाही. माझ्या गिरणीच्या मागं एक खोली होती, तिच्यात राहायचा. जेवायला आमच्यात. नोकरीत असतानाच सरकारी परीक्षा देऊन त्यानं रेडिओवर बोलायचं लायसन काढलं. ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सेट त्यानं स्वतःच बनवला होता, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, आत काचेचे दिवे बसवून. चालू केला की खोलीत निळसर उजेड पडायचा आणि तापलेल्या धुळीचा वास यायचा. लायसन आलं तेव्हा एक हवालदार चौकशीला आला होता. हा कुणाशी बोलतो, काय बोलतो, हे त्यानं खोलीत बसून ऐकलं. ऊन, वारा, तारेची उंची, पुन्हा ऊन. शेवटी हवालदार भिंतीला टेकून झोपला, आणि जाताना मला म्हणाला की असल्या माणसापासून सरकारला काही धोका नाही.

रेडिओवर बोलायचे त्यांचे कायदे असतात. समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, कारण एका वेळी एकालाच बोलता येतं. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारणाचं नाही, देवधर्माचं नाही. हे कायदे त्यानं खोलीच्या बाहेरही पाळले. आता आमच्याकडं बायामाणसं काय, गडीमाणसं काय, सगळे एकाच वेळी बोलतात. त्यामुळं याची पाळी कधी यायचीच नाही. गिरणीत दळणाच्या नंबरावरून भांडण लागलं की हा दारात उभा राहून दोघी कधी थांबतात याची वाट बघायचा. एकदा असाच उभा राहिला, भांडण मिटलं, बाया पीठ घेऊन घरी गेल्या, मग मला म्हणाला, "दाजी, नंबर पिवळ्या लुगड्याचा होता." मी म्हटलं, आता काय उपयोग. तर म्हणाला, "मधी बोलता येत न्हाई."

दुसरी सवय म्हणजे आवाजाला मार्क द्यायचे. रेडिओवर भेटले की हे लोक आधी एकमेकांना सांगतात, तुझा आवाज समजायला पाचात किती आणि जोराला नवात किती. यानं ते सगळ्या जगाला लावलं. मोटारीचा भोंगा, देवळातली घंटा, शेजारचं तान्हं लेकरू. मारुतीच्या देवळात कीर्तन झालं. लोक पाया पडत होते, तसा हाही पडला आणि बुवांना गंभीरपणे म्हणाला, "समजायला पाच. जोर सात." बुवा चांगले होते, पण ते राहिलेले दोन त्यांच्या मनाला लागले. मुक्काम हलवेपर्यंत ते मला विचारत राहिले की दोन कुठं कमी पडले.

लग्नाचंही असंच झालं. बायकोनं लई खटपट करून मुखेडकडचं एक स्थळ आणलं होतं. पोरीच्या बापानं तोंडभरून विचारलं, हं पाव्हणं, सांगा तुमच्याबद्दल. यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, सेट घरी बनवलेला असल्याचं सांगितलं, तार जमिनीपासून किती उंच आहे ते सांगितलं, आज कंधारात ढग न्हाईत म्हणून सांगितलं, आभार मानले आणि उठला. पोरीच्या बापाला वाटलं पाव्हणा आंघोळीला गेला. हा एसटी स्टँडवर जाऊन बसला होता. रेडिओवर पहिल्या भेटीत एवढंच सांगायचं असतं, त्याच्या मते सगळं सांगून झालं होतं. बायको त्याच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. त्याला ते जाणवलं की नाही, देव जाणे.

माझं आणि त्याचं खरं भांडण एकच. माझ्या गिरणीची मोटर जुनी. ती सुरू झाली की त्याच्या रेडिओत खरखर व्हायची, कुणाचा शब्द कळायचा नाही. आणि रोज सकाळी त्या लोकांची हजेरी असायची. उदगीरचा एक म्हातारा फौजी, पलटणीत वायरलेसवर होता, तो एकेका गावाला हाक मारायचा आणि ज्या त्या गावानं 'आहे' म्हणायचं. नेमकी तीच वेळ दळणाची. बायकोनं न्याय केला. हजेरी होईपर्यंत गिरणी बंद. मी म्हटलं, गिऱ्हाईक जाईल. ती म्हणाली, "कुठं जातंय? दुसरी गिरणी नदीपल्याड हाय. बसतील गप." आणि खरंच बसले. सगळ्या आळीला सवय झाली. बाया डबे घेऊन ओट्यावर बसायच्या, आतून फौजीचा आवाज यायचा, निलंगा, अहमदपूर, देगलूर, कंधार. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना भूगोल तिथंच कळला. मध्येच लातूर नवा जिल्हा झाला. फौजी हाक मारताना 'उदगीर, जिल्हा उस्मानाबाद' म्हणून गेला की हा माईक उचलून कडक आवाजात म्हणायचा, "दुरुस्ती. जिल्हा लातूर."

आता पाण्याचं सांगतो. सेटची एक तार वर जाते तशी एक खाली जमिनीत जाते, तिला अर्थिंग म्हणतात. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून लोखंडी कांब पुरायची आणि तिथली माती ओली ठेवायची. माती सुकली की आवाज बसतो. पाऊसपाणी होतं तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. पण दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, टँकर यायला लागला, बाया घागरींच्या रांगा लावायला लागल्या, आणि हा माणूस तांब्याभर पाणी जमिनीत ओतताना दिसला. आळी खवळली. एकजण म्हणाला, माणसाला प्यायला न्हाई आन् हा खिळ्याला पाजतोय. याला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून यानं आंघोळच सोडली आणि ते पाणी कांबेला घालायला लागला. मग बायको मध्ये पडली. ती भांडी घासलेलं खरकटं पाणी रोज एका पातेल्यात धरून ठेवायची, आणि सकाळी हजेरीच्या वेळेला खिडकीखालच्या त्या खड्ड्यात जाऊन ओतायची. तेवढ्यात त्या दोघांचं खिडकीतून काहीबाही चालायचं. मी ओट्यावर गिऱ्हाइकांत. मला वाटायचं, ती पाणी घालायला जाते.

ती गेल्यावर त्यानं सेट उघडला नाही. दिवस झाले, पाव्हणे गेले, मी गिरणी सुरू केली. सकाळी हाताला मोटर बंद ठेवायची सवय, पण आतून आवाज येईना, म्हणून सुरू करायला लागलो. तो खोलीत बसलेला असायचा, सेटवर फडकं टाकलेलं. आम्ही दोघं जेवायचो, दोघंही बोलायचो नाही. त्यात नवीन काही नव्हतं, पण आधी आमचं न बोलणं तिच्या बोलण्यात झाकून जायचं. मग एक दिवस तो म्हणाला, "दाजी. रविवारी लातूर. सेट देऊन टाकतो. जड हाय." म्हणजे मला उचलू लागा.

लातुरात त्या लोकांचा वर्षातून एकदा बाजार भरायचा. अदलाबदलीचा. तुझ्याकडं दिवा जास्त आहे, माझ्याकडं मीटर जास्त आहे, तर बदलून घ्या. आम्ही सेट पोत्यात घालून एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, शिलाई मशीन आहे का, लगेज फाडावं लागंल. हा म्हणाला, "फाडा." अहमदपूरला गाडी बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला काळी रानं उघडी पडलेली, उभं पीक कुठं दिसंना. मी न राहवून विचारलं, की बाबा, एवढी वर्षं जपलेला सेट, का देतोस? दोन गावं मागं गेली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दाजी, मी 'आहे' म्हटलं की फौजी पयलं विचारतो, अक्का कशा हायत."

बहिणीला तो अक्काच म्हणायचा. मला कळलं. या माणसानं जन्मभर लोकांच्या घरच्या मरणाच्या तारा घेतल्या. कुणाचा बाप, कुणाचं लेकरू, सगळं यानं कानानं ऐकून हातानं उतरवलं, हात कधी हलला नाही. आणि ही एक बातमी त्याला द्यायची होती तर तो सेटच फेकून द्यायला निघाला होता. सेट नाही तर प्रश्न नाही, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, चल.

लातूर तेव्हा नवा नवरदेव झाल्यासारखं वागत होतं. दुकानादुकानावर पाट्या नव्यानं रंगवलेल्या, 'जिल्हा लातूर', आणि खालचं 'उस्मानाबाद' पातळ रंगातून दिसून राहिलेलं. पण नळाला पाणी नव्हतं. बाजार एका डाळमिलच्या गोदामात होता. तूरच आली नव्हती म्हणून मालकानं रिकामं गोदाम वापरायला दिलेलं. कोपऱ्यात टरफलाचा भुसा, वास मात्र डाळीचा. वीसेक माणसं चादरी अंथरून बसलेली, पुढं कॉइली, मीटर, पलटणीतले हेडफोन. प्यायचं पाणी ज्यानं त्यानं घरून आणलेलं. गंमत अशी की रोज बोलणारी ही माणसं वर्षातून एकदाच दिसायची, एकमेकांना तोंडानं ओळखत नव्हती. एकजण समोरून आला, नमस्कार केला, यानं डोळे मिटले आणि म्हटलं, "परत बोला." तो बोलल्यावर याला कळलं, हा निलंग्याचा. सगळ्या गोदामात माणसं अशीच डोळे मिटून एकमेकांना भेटत होती.

फौजी काठी टेकत आला. बारीक, कानात केस, आवाज मात्र माणसाच्या दुप्पट. यानं नमस्कार म्हटल्याबरोबर त्यानं याचे दोन्ही दंड धरले. "अरे बाबा, हायस का तू! रोज सकाळी कंधार कंधार म्हणून बोंबलून राहिलो, जवाब न्हाई. आमी म्हटलं, गेलास." याला बघून तो एवढा खूश झाला की त्यानं अक्काचं विचारलंच नाही. आमची एक वेळ निभावली.

आम्ही चादर अंथरली, सेट मांडला. बघायला चारपाच जण आले. यानं सेट दाखवायला सुरुवात केली ती त्याच्या खोडीपासून. हे बटण अडकतं. हा दिवा तापतो. पावसाळ्यात शॉक बसतो. मी कोपरानं ढोसलं, पण खोटं बोलणं त्याच्या कायद्यात नव्हतं. तरी निलंग्याचा माणूस भुलला. हातानं बनवलेला सेट होता, काम सुबक होतं. त्यानं विचारलं, बदल्यात काय घेणार? हा म्हणाला, "काही न्हाई. घेऊन जा."

निलंगेकरानं सेटवरचा हात काढून घेतला. आजूबाजूला बसलेले मागं सरकले. मला काही समजेना. मला वाटलं फुकट म्हटल्यावर झुंबड उडंल. नंतर कळलं ते असं, की त्या बाजारात माणूस फुटकी कॉइल दिली तरी बदल्यात दुसरी फुटकी कॉइल घेतो. अख्खा सेट बदल्यात काही न घेता चादरीवर येतो तो एकाच घरातून. ज्या घरातला माणूस गेलेला असतो, त्या घरातून. मागं राहिलेले आणून ठेवतात आणि काही मागत नाहीत. हे तिथं सगळ्यांना माहीत, कुणी कुणाला सांगत नाही. माझ्या मेव्हण्यालाही माहीत असणार. पण तो इतका खचलेला, त्याच्या ध्यानातच आलं नाही की आपण तोंडानं जे सांगायचं टाळतोय, ते चादर अंथरून सांगून बसलो.

फौजी काठीवर वाकला. हळू म्हणाला, "घरात कोण गेलं?"

हा बघतच राहिला. तिथं कुणी मधे बोललं नाही. त्यांच्यात बोलत नाहीत. समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत थांबायची त्या सगळ्यांना सवय, ते तसेच थांबून राहिले. पण मला कुठलं लायसन? मी म्हणालो, "अक्का गेली. माझी बायको."

मग एकेकजण बोलायला लागला, आणि मी ऐकत राहिलो. माझ्या बायकोला लायसन नव्हतं, म्हणून या कायद्याच्या माणसानं तिला माईकवर कधी एक शब्द बोलू दिला नव्हता. पण ती खिडकीशी पातेलं घेऊन उभी राहायची, सगळ्यांचं ऐकायची आणि आपलं भावाच्या तोंडून पाठवायची. ती म्हणणार, त्या मेल्याला म्हणावं खोकून खोकून मरशील, ओवा भाजून खा. हा माईकवर म्हणणार, "अक्का म्हणतात, ओवा घ्यावा." निलंगेकराच्या लेकीचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा तिनं रोज चौकशी केली होती. देगलूरच्या माणसाचं भावाशी भांडण होतं, ते मिटवायला तिनं लावलं. फौजी म्हणाला, "माझी बायको वारली तवा अक्कानं सांगितलं होतं, दोन दिवस हजेरी घेऊ नका, तिसऱ्या दिवशी घ्याच. तसंच केलं म्हणून मी अजून हाव." तिचं तोंड यांतल्या एकानंही बघितलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. मी तिच्याबरोबर उभा जन्म काढला, आणि ह्यातलं मला काही माहीत नव्हतं. मोटर बंद करून मी बाहेर ओट्यावर बसलेला असायचो; तिथं फौजीची हाक तेवढी पोचायची, पुढचं बायांच्या बोलण्यात बुडून जायचं.

फौजीनं सेटवर पोतं पांघरलं. म्हणाला, "हा कुणी घेणार न्हाई. हा नेला तर कंधारला हाक कुणाला मारू? उद्या सकाळी चालू कर. आपला माणूस गेला की आपण काय करतो, ठाऊक हाय ना? नावानं हाक मारायची आन् थोडा वेळ लाइन मोकळी सोडायची. उद्या अक्काला मारू."

आता मेव्हणा बोलला. "अक्काला लायसन नव्हतं."

फौजी म्हणाला, "हाक मारायला लागत न्हाई रे बाबा. जवाब द्यायला लागतं."

सेट पुन्हा पोत्यात गेला. परतताना अहमदपूरहून पुढच्या गाडीत तोच कंडक्टर होता. तो म्हणाला, मशीन विकलं न्हाई वाटतं. मेव्हण्यानं पोतं मांडीवर घेतलं, जड होतं तरी. गाव मागं पडल्यावर त्याच्या डोळ्याला धार लागली. तो पुसत नव्हता, मीही बघितलं नाही. कंधार यायच्या आधी म्हणाला, "दाजी, गिरणी?" मी म्हटलं, बंद ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशनचा गहू घेऊन बाया ओट्यावर आल्या. मी त्यांना बसा म्हणालो. त्यांना समजलं, कुणी काही विचारलं नाही. आत मेव्हण्यानं फडकं काढलं, निळा उजेड पडला. हजेरी सुरू झाली, पण आवाज बसका, खोल विहिरीतून आल्यासारखा. मी खिडकीशी गेलो. खाली तो खड्डा भेगाळून गेला होता, कांबेभोवती माती सुटलेली. ती गेल्यापासून तिथं थेंब पडला नव्हता. रात्रीची आम्हा दोघांची ताटं मी चुलीपाशी तशीच ठेवली होती. ती घासली, पाणी पातेल्यात धरलं आणि घेऊन आलो.

फौजी म्हणत होता, "कंधारच्या अक्का. कंधारच्या अक्का." मग कुणीच काही बोललं नाही. निलंगा नाही, देगलूर नाही. रेडिओत नुसती बारीक सरसर. ओट्यावरच्या बायांनीही डबे हलवले नाहीत. मी वाकून पाणी ओतलं, एकदम नाही, ती ओतायची तसं कडेकडेनं. तेवढ्या गप्प वेळात जमीन पाणी पिताना ऐकू येत होती.

मग आतून माईकची कळ दाबल्याचा आवाज आला. "कंधार," मेव्हणा म्हणाला. थोडा थांबला. "आहे."

खिडकीतून त्यानं माझ्याकडं बघितलं. "दाजी, आवाज वाढला."

मी पातेलं खिडकीखाली पालथं घालून ठेवलं, उद्यासाठी, आणि जाऊन गिरणीचा पट्टा चढवला.